नदीप्रवासासाठी ऋतूची निवड

पर्वतीय नदीच्या काठी एका जागी बसून गळ टाकणे आणि तराफ्यातून त्या नदीबरोबर खाली वाहत जाऊन मासेमारी करणे, या दोन गोष्टी वरवर सारख्या वाटल्या तरी त्यांत मोठा फरक आहे. काठावर बसलेल्या माणसाला पाण्याचा रंग पसंत पडला नाही, तर तो उठून मुक्कामी परत जाऊ शकतो. तराफ्यातून निघालेल्या माणसाला ही मोकळीक नसते. एकदा दोर सोडला की पुढील तीन-चार दिवस त्याला नदी नेईल तिकडे आणि नदी नेईल त्या वेगाने जावे लागते. दोन्ही बाजूंस उभे डोंगर आणि अरण्य असते. मध्ये रस्ता नसतो, वस्ती विरळ असते. म्हणून अशा प्रवासातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय घरातून निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो. तो म्हणजे कोणत्या ऋतूत जावयाचे, हा होय. गळ, दोर, आमिष, तराफा यांत काही उणे राहिले तर ते निभावून नेता येते. चुकीच्या ऋतूची निवड मात्र निभावून नेता येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर महिन्याच्या नावाने देण्याची प्रथा आहे. मार्गदर्शक पुस्तिकांतून ‘फेब्रुवारी ते मे’ आणि ‘सप्टेंबर ते नोव्हेंबर’ असे दोन हंगाम सरसकट दिलेले आढळतात. ते चूक नाहीत. परंतु ते अपुरे आहेत. महिना ही माणसाने ठरविलेली गोष्ट आहे. नदी आणि मासा यांना महिना ठाऊक नसतो. नदीला वितळणारे बर्फ आणि पडणारा पाऊस कळतो. माशाला पाण्याचे तापमान, त्याचा गढूळपणा आणि प्रवाहाचा जोर कळतो. म्हणून ऋतूची निवड करताना दोन वर्षचक्रे शेजारी ठेवून पाहावी लागतात : एक नदीचे आणि दुसरे माशाचे. ती कशी पाहावीत हे समजण्यासाठी आपण कुमाऊँमधील काली नदीचे आणि तीत राहणाऱ्या सोनेरी महसीर माशाचे उदाहरण घेऊ.

नदी आणि तिचा मार्ग

काली नदी भारत आणि नेपाळ यांच्या सीमेवरून वाहते. नेपाळमध्ये तिला महाकाली म्हणतात व मैदानात उतरल्यावर ती शारदा होते. तिच्या वरच्या भागात धौलीगंगा आणि मिलम हिमनदीतून निघालेली गोरीगंगा तिला मिळतात. खाली पंचेश्वर येथे सरयू नदीचा संगम होतो. पंचेश्वरपासून टनकपूरच्या वर असलेल्या बूमपर्यंतचा पट्टा तराफ्याच्या प्रवासासाठी विशेष प्रसिद्ध आहे. या पट्ट्यात मोठे डोह, गोट्यांचे उथळ पसारे, पांढऱ्या वाळूचे किनारे आणि मधूनमधून जोरदार खळाळ आहेत. वाटेत चुका या ठिकाणी लढिया नदी कालीस मिळते. जिम कॉर्बेट यांच्या शिकारकथा वाचलेल्या वाचकांस चुका आणि त्याच्या वरचे ठाक ही गावे अपरिचित नसतील. नरभक्षक वाघांच्या त्या कथा ज्या अरण्यात घडल्या, त्याच अरण्यातून हा प्रवास होतो.

सोनेरी महसीर हा या नदीचा राजा मानला जातो. तो कार्प कुळातील मासा असून त्याचे खवले मोठे व सोनेरी झाक असलेले असतात. हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. महाराष्ट्रातील नद्यांत आढळणारा खडस हा त्याचाच दक्षिणेकडील भाऊबंद होय. साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचे वर्णन पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतील नमुन्यांवरून केले होते. गळास लागल्यावर महसीर ज्या वेगाने व ज्या बळाने प्रवाहात धाव घेतो, त्यामुळे गळाने मासे धरणाऱ्यांत त्याची कीर्ती शतकाहून अधिक काळ टिकून आहे. हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द रॉड इन इंडिया’ या ग्रंथात त्याला मानाचे स्थान दिले आहे.

नदीचे वर्ष

हिमालयातील नद्यांचे पाणी तीन वाटांनी येते : उंच पर्वतांवरील बर्फ व हिमनद्या, मोसमी पाऊस, आणि मध्यम उंचीच्या डोंगरांतील झरे. ज्या नदीत बर्फाच्या पाण्याचा वाटा मोठा, तिचे वर्ष वेगळे. जी केवळ पावसावर आणि झऱ्यांवर जगते, तिचे वर्ष वेगळे. काली ही पहिल्या प्रकारची नदी आहे, तर लढिया दुसऱ्या प्रकारची. सरयूचा उगम हिमनदीतून होत नाही. परंतु रामेश्वर येथे तिला मिळणारी पूर्व रामगंगा नामिक हिमनदीचे पाणी घेऊन येते. त्यामुळे पंचेश्वरला पोचणारी सरयू ही संमिश्र स्वरूपाची नदी ठरते.

जानेवारीत काली नदी सर्वांत लहान व सर्वांत स्वच्छ असते. डोहांच्या तळाचे दगड वरून दिसतात. पाणी अतिशय थंड असते. मार्चपासून दिवस मोठा होऊ लागतो व पाणी हळूहळू उबदार होते. परंतु वरचे बर्फ अद्याप फारसे वितळू लागलेले नसते. एप्रिलच्या उत्तरार्धापासून चित्र पालटते. वरच्या भागात ऊन तापू लागते, बर्फाचे पाणी खाली येते आणि त्याबरोबर हिमनद्यांनी दळलेली बारीक माती येते. नदी फुगते, करडी होते व खाली मैदानात उन्हाळा कडक होत असतानाही तिचे पाणी थंडच राहते. बाहेर अंग भाजते आणि पाण्यात हात घातला तर बोटे बधिर होतात, असा अनुभव मे महिन्यात या खोऱ्यात येतो.

जूनच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस कुमाऊँत पोचतो. जुलै व ऑगस्ट या दोन महिन्यांत नदी तराफ्यासाठी पूर्णतः वर्ज्य समजावी. ऋषिकेशजवळ गंगेवरही या काळात तराफ्यांची वाहतूक बंद ठेवण्यात येते. पाऊस सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या आरंभी माघार घेतो. पण पाऊस थांबला त्याच दिवशी नदी निवळत नाही. डोंगरउतारांत मुरलेले पाणी आणखी काही आठवडे झिरपत राहते. ऑक्टोबरच्या मध्यापासून नदी हळूहळू ओसरू लागते, पाण्याचा रंग मातकट तपकिरीवरून हिरवट व हिरव्यावरून निळसर होतो. नोव्हेंबरच्या अखेरीस ती पुन्हा लहान आणि थंड होऊ लागते.

माशाचे वर्ष

महसीर हा स्थलांतर करणारा मासा आहे. हिवाळ्यात पाण्याचे तापमान सुमारे १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की तो मंदावतो, खोल डोहांच्या तळाशी जातो आणि खाणे कमी करतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून पाणी उबदार होऊ लागले की तो पुन्हा हालचाल करू लागतो व खळाळांच्या तोंडाशी भक्ष्य शोधतो. पुढे मुख्य नदी बर्फाच्या पाण्याने थंड आणि गढूळ झाली की तो उपनद्यांच्या मुखांकडे सरकतो. उपनदीचे पाणी उबदार आणि स्वच्छ असते; संगमावर दोन रंगांच्या पाण्यांची रेषा स्पष्ट दिसते, आणि मासे त्या रेषेच्या आसपास जमतात.

पावसाळा हा त्याचा प्रजननकाल होय. उपनद्यांना पूर येऊ लागला की प्रौढ मासे त्यांत चढतात आणि गोट्यांच्या उथळ तळावर अंडी घालतात. गढवालमधील नयार ही अशा प्रजननासाठी प्रसिद्ध असलेली नदी आहे. ती व्यासघाट येथे गंगेस मिळते. महसीर सर्व अंडी एकाच वेळी न घालता टप्प्याटप्प्याने घालतो. इतर मोठ्या कार्प माशांच्या तुलनेने त्याची अंडी आकाराने मोठी पण संख्येने कमी असतात. पाणी पुरेसे उबदार असल्यास तीन-चार दिवसांत त्यांतून पिले बाहेर पडतात. परंतु गाळ साचला किंवा पाणी एकाएकी उतरले, तर ती सारी वाया जातात. पावसाळा संपत आला की थकलेले प्रौढ मासे मुख्य नदीकडे परततात आणि हिवाळ्यापूर्वी भरपूर खाऊन घेतात.

ही दोन वर्षचक्रे शेजारी ठेवली म्हणजे ‘फेब्रुवारी ते मे’ आणि ‘सप्टेंबर ते नोव्हेंबर’ हे दोन हंगाम कोठून आले ते समजते. त्याबरोबरच हेही समजते की, या दोन्ही हंगामांचे सर्व भाग सारख्या मोलाचे नाहीत.

वसंत आणि शरद यांची तुलना

प्रथम वसंतातील प्रवासाचा विचार करू. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या महिन्यात पाणी स्वच्छ असते, मासा भुकेला असतो आणि आकाश बहुधा निरभ्र असते. दिवस बारा तासांहून थोडा मोठा असल्याने सकाळ-संध्याकाळ मासेमारी करूनही मुक्काम गाठता येतो. उणीव आहे ती पाण्याची. नदी लहान असल्यामुळे उथळ पसाऱ्यांवर तराफा टेकतो आणि तो उतरून ओढावा लागतो. खळाळांत उघडे पडलेले खडक चुकविणे कठीण जाते. स्वच्छ पाण्यात माशाला माणूसही दुरून दिसतो, म्हणून गळ टाकणाऱ्यास सावधगिरीने वागावे लागते.

एप्रिलच्या उत्तरार्धानंतर पाणी वाढते व तराफा सहज चालतो. परंतु मुख्य प्रवाह गढूळ होत असल्याने मासेमारी संगमांपुरती उरते. चार दिवसांच्या प्रवासात मासेमारीस योग्य अशा दोन-तीनच जागा मिळाव्यात, हे वाहत जाऊन मासे धरण्याच्या कल्पनेशी विसंगत आहे. शिवाय बर्फाचे पाणी दिवसाच्या उन्हाबरोबर चढते आणि रात्रीच्या गारव्याने उतरते. ही लाट वरून खाली पोचण्यास काही तास लागतात. त्यामुळे संध्याकाळी कोरडा असलेला वाळूचा किनारा पहाटे पाण्याखाली गेलेला आढळू शकतो.

आता शरदाचा विचार करू. ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारणतः दिवाळीच्या आगेमागे, नदीत तराफ्यासाठी पुरेसे पाणी असते व ते दररोज थोडे थोडे कमी होत असते. ओसरत्या नदीचा हा गुण महत्त्वाचा आहे : आज जी जागा सुरक्षित आहे, ती उद्याही सुरक्षित राहण्याची शक्यता अधिक असते. पाणी निवळलेले असले तरी काचेसारखे झालेले नसते, त्यामुळे मासा फार बुजत नाही. प्रजनन आटोपलेले असते, मासे मुख्य नदीत परतलेले असतात आणि खाण्यात गुंतलेले असतात. उणीव म्हणजे दिवस लहान असतो. नोव्हेंबरच्या मध्यास या अक्षांशावर दिवस साधारण साडेदहा तासांचा असतो आणि अरुंद खोऱ्यात ऊन त्याहूनही लवकर डोंगराआड जाते. म्हणून रोजचे अंतर कमी ठेवावे लागते आणि चार वाजण्यापूर्वी मुक्काम शोधावा लागतो.

अशा रीतीने तोलून पाहिले असता, काली नदीवरील या प्रवासासाठी शरद ऋतूचा उत्तरार्ध पहिल्या पसंतीचा आणि वसंताचा पूर्वार्ध दुसऱ्या पसंतीचा ठरतो. सप्टेंबरचा शेवट व ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हा पुस्तिकांतील हंगामात बसत असला, तरी तो टाळणे श्रेयस्कर आहे. त्याचे कारण पुढील भागात येईल.

पंचांगाबाहेरच्या घटना

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हस्ताचा आणि चित्राचा पाऊस परिचित आहे. पावसाळा संपला असे म्हणता म्हणता तो एखादा तडाखा देऊन जातो, हे तो जाणतो. हिमालयातही असेच घडते. ऑक्टोबर २०२१ मध्ये, मोसमी पाऊस ओसरण्याच्या सुमारास, कुमाऊँत अतिवृष्टी झाली. १९ ऑक्टोबरच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत मुक्तेश्वर येथे ३४०.८ मिलिमीटर व पंतनगर येथे ४०३.२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. नद्या-नाल्यांना पूर आले, दरडी कोसळल्या आणि अनेकांचे प्राण गेले. त्या दिवशी काठावरच्या माणसाला उंच जागी जाण्याची वाट होती. खोऱ्याच्या मध्यावर तराफ्यात असलेल्या माणसाची स्थिती काय झाली असती, याची कल्पना करणे कठीण नाही.

हंगामाची दुसरी बाजूही निर्धोक नाही. जून २०१३ मध्ये १६ व १७ तारखांना उत्तराखंडात जो महापूर आला, तो पाऊस नेहमीपेक्षा लवकर व अतोनात झाल्याने आला. केदारनाथची हानी सर्वांच्या स्मरणात आहे. काली खोऱ्यातील धारचुला भागातही त्या वेळी मोठे नुकसान झाले. आणि ७ फेब्रुवारी २०२१ रोजी, म्हणजे ऐन हिवाळ्यात, आकाश निरभ्र असताना चमोली जिल्ह्यात पर्वतकड्याचा खडक व बर्फ कोसळून ऋषिगंगा व धौलीगंगा या नद्यांत प्रलय झाला. (ही धौलीगंगा अलकनंदेस मिळणारी; कालीस मिळणारी धौलीगंगा वेगळी.) या तीन घटनांवरून कोणताही महिना पूर्णतः निर्भय नाही, हे दिसून येते. ऋतूच्या निवडीने धोका नाहीसा होत नाही. तो कमी होतो, आणि उरलेल्या धोक्यासाठी जागे राहावे लागते.

तिसरी गोष्ट मानवनिर्मित आहे. आज हिमालयातील बहुतेक मोठ्या नद्यांवर जलविद्युत प्रकल्प उभे आहेत. कालीच्या उपनदीवर, धौलीगंगेवर, २८० मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प २००५ पासून चालू आहे. वीजनिर्मितीसाठी पाणी अडविले व सोडले जाते, तेव्हा खालच्या प्रवाहात दिवसातून चढउतार होऊ शकतो. अशा चढउताराचा ऋतूशी काही संबंध नसतो. म्हणून वरच्या भागात कोणते प्रकल्प आहेत व ते पाणी केव्हा सोडतात, याची चौकशी निघण्यापूर्वी स्थानिक अधिकाऱ्यांकडे करणे आवश्यक आहे.

सोपा काळ आणि योग्य काळ

आता या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. मासा केव्हा अधिक मिळतो, असा प्रश्न एखाद्या अनुभवी माणसाला विचारला तर तो बहुधा मे अखेर व जूनचा आरंभ सांगेल. किंवा पहिल्या पावसानंतर उपनदीचे पाणी चढू लागते तो आठवडा सांगेल. त्याचे म्हणणे खरे असते. त्या दिवसांत मोठे महसीर संगमावर गर्दी करून असतात. लढियाच्या मुखाशी किंवा व्यासघाटावर अशा वेळी गळ टाकणाऱ्यास फार कौशल्य लागत नाही.

परंतु हे मासे तेथे का जमले आहेत, हा प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. ते उपनदीत चढून अंडी घालण्यासाठी पाण्याची वाट पाहत असतात. त्यांतील मोठ्या मादीला त्या आकारापर्यंत वाढण्यास अनेक वर्षे लागलेली असतात, आणि तिच्या पोटात त्या वर्षीची संतती असते. ती मादी काढून नेली, तर एक मासा कमी झाला असे होत नाही. त्या खोऱ्यातील पुढील पिढीचा एक हिस्सा कमी होतो. धरून पुन्हा सोडून दिली तरी हानी टळतेच असे नाही. दीर्घ झटापटीने थकलेला मासा उन्हाळ्याच्या उबदार आणि प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात सावरण्यास फार वेळ घेतो. कधी तो सावरतच नाही.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने २०१८ मध्ये सोनेरी महसीरची गणना संकटग्रस्त जातींत केली. धरणे व बंधारे यांनी त्याचे मार्ग अडविले आहेत; शारदेवर बनबसा येथील बंधारा १९२८ पासून उभा आहे. नदीपात्रातील वाळू व गोटे उपसल्याने अंडी घालण्याच्या जागा नष्ट होतात. सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने बंदी घातली. तरीही तो प्रकार डोंगराळ भागातून पूर्णतः गेलेला नाही. या सर्व कारणांच्या तुलनेने गळाने मासे धरणारा मनुष्य लहान अपराधी आहे, हे खरे. परंतु धरणाची भिंत त्याच्या हातात नसते. प्रवासाची तारीख मात्र त्याच्या हातात असते. म्हणूनच, ज्या काळात मासा सर्वांत सोपेपणाने मिळतो, तो काळ प्रवासासाठी सर्वांत चांगला असे समजू नये. काली नदीच्या बाबतीत सुदैवाने नदीचा कौल आणि माशाचे हित एकाच दिशेने जातात : प्रजननाचा काळ हाच तराफ्यासाठी धोक्याचा काळ आहे, आणि शरदाचा उत्तरार्ध दोघांनाही मानवतो.

इतर नद्यांसाठी हीच रीत

वर सांगितलेले महिने सर्व नद्यांना लागू पडत नाहीत. लागू पडते ती विचाराची रीत. काश्मीरमधील नद्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी आणून सोडलेला तपकिरी ट्राउट हा थंड पाण्याचा मासा आहे. तो शरदाच्या अखेरीपासून हिवाळ्यात अंडी घालतो. त्यामुळे महसीरला जो काळ योग्य, तोच ट्राउटला अयोग्य ठरतो, आणि तेथील हंगाम उन्हाळ्याकडे झुकतो. पश्चिम रामगंगा दूधातोलीच्या डोंगरांत उगम पावते आणि झऱ्यांवर व पावसावर जगते. उन्हाळ्यात तिला बर्फाचे पाणी मिळत नसल्याने ती गढूळ होत नाही, परंतु तराफा चालण्याइतके पाणीही तिच्यात उरत नाही. पुढे ती कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानात शिरते, आणि उद्यानात मासेमारीस मुभा नाही. कावेरीच्या खोऱ्यास नैर्ऋत्य आणि ईशान्य अशा दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस मिळतो. म्हणून तेथे नदी निवळण्यास हिवाळा उजाडतो.

प्रत्येक नदीसंबंधी पुढील क्रमाने प्रश्न विचारावेत. या नदीचे पाणी कोठून येते? ते केव्हा चढते, केव्हा ओसरते? ज्या माशासाठी आपण जात आहोत तो कोणत्या तापमानात खातो? तो केव्हा आणि कोठे अंडी घालतो? दिवस किती तासांचा असतो? वर धरण आहे काय? आणि कायद्याने त्या पट्ट्यात, त्या काळात मासेमारीस परवानगी आहे काय? काली ही सीमेवरील नदी असल्याने मत्स्य किंवा वन विभागाच्या परवान्याखेरीज जिल्हा प्रशासनास आणि सीमेवर पहारा देणाऱ्या सशस्त्र सीमा बलास पूर्वसूचना देणेही आवश्यक ठरते.

एक उदाहरण

समजा, चार जणांच्या एका मंडळीला पंचेश्वरहून बूमपर्यंत जावयाचे आहे आणि त्यांना ५ मे, ५ ऑक्टोबर व ५ नोव्हेंबर या तीन तारखा सोयीच्या आहेत. ५ मे रोजी तराफ्यासाठी पाणी चांगले असेल. पण मुख्य नदी करडी झालेली असेल, मासे संगमांकडे सरकू लागलेले असतील आणि रात्री पाणी चढण्याचा संभव राहील. ५ ऑक्टोबर रोजी मासे परतीच्या वाटेवर असतील. परंतु नदी पुरती निवळलेली नसेल, आणि उशिराच्या पावसाची टांगती तलवार डोक्यावर राहील. ५ नोव्हेंबर रोजी नदी ओसरत असेल, पाणी निवळलेले असेल व अद्याप फार थंड झालेले नसेल. दिवस लहान आहे, एवढीच अडचण. ती रोजचे अंतर कमी ठेवून दूर करता येते. म्हणून या मंडळीने ५ नोव्हेंबर निवडावी आणि तीन दिवसांच्या मार्गासाठी चार दिवस हाती ठेवावेत.

तारीख ठरल्यानेही काम संपत नाही. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात पिथौरागढ आणि चंपावत जिल्ह्यांत पाऊस झाला काय, व पुढील चार दिवसांचा हवामान खात्याचा अंदाज काय आहे, हे पाहावे. पंचेश्वरला पोचल्यावर पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडावी. हातभर खोलीच्या आतच ती दिसेनाशी झाली, तर पाणी अद्याप निवळलेले नाही असे समजावे. पाण्याच्या कडेला संध्याकाळी एक काठी रोवून ठेवावी व सकाळी ती पाहावी. पाणी काठीपासून मागे सरले असेल तर निघावे. काठी बुडाली असेल आणि त्याचे कारण कळत नसेल, तर एक दिवस थांबावे. प्रत्येक मुक्कामी तंबू पुराने आणून टाकलेल्या काटक्यांच्या रेषेच्या वर उभारावा, मग ऋतू कोणताही असो.

आणि नदीने नकार दिला, तर परत फिरण्याची तयारी ठेवावी. दूरवरून रजा काढून, पैसे खर्चून आलेल्या माणसाला हे सर्वांत जड जाते. परंतु पंचेश्वरपर्यंत रस्ता आहे. त्यापुढे तो नाही. परत फिरण्याचा निर्णय रस्त्याच्या टोकाशी असतानाच घेता येतो. नदीवर पुन्हा येता येईल, आणि योग्य ऋतूत आलेल्याला तीत महसीर भेटावा, एवढी काळजी आपण घेतली म्हणजे पुरे.